भावाची पटाया, बहिणीची बाली

पत्र

मी 44 वर्षांची आहे. घटस्फोटाला सहा वर्षं झाली. तालुक्याच्या गावी आईच्या घरात वरच्या मजल्यावर मी आणि माझी 15 वर्षांची मुलगी राहतो. खाली आई, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं. वडील गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणींबरोबर बालीला गेले होते. कुटाच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारा 25 वर्षांचा तरुण भेटला. पाच दिवस आम्ही एकत्र होतो. काळजी घेतली, पण दर वेळी नाही. जेवणखाण, हॉटेल सगळं माझ्याकडून, निघताना त्याला मोबाइल घेऊन दिला. त्याने तेव्हा काही मागितलं नव्हतं, उलट तो खूशच होता. आता रोज मेसेज येतात. मागच्या आठवड्यात कळवलं, आई आजारी आहे आणि मोटरसायकलचे हप्ते थकलेत.

भावाचं कृषी सेवा केंद्र आहे. कंपनीच्या डीलर टूरवर तो दरवर्षी बँकॉक-पटायाला जातो. तिथे काय चालतं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, वहिनीलासुद्धा. आई म्हणते, "पुरुषाचं काय, अंघोळ केली की झालं." त्याच भावाने माझ्या फोनमधले फोटो पाहिले, स्वतःकडे पाठवून घेतले आणि मला धंदेवाली म्हणाला. आईने बोलणं टाकलंय. तो म्हणतो, फोटो पाहुण्यांत दाखवीन, पोरीला तिच्या बापाकडे पाठवायला लावीन. नाहीतर हक्कसोडपत्रावर सही कर आणि वेगळी राहा. त्याचं दरवर्षीचं चालतं आणि मी एकदा गेले तर वाईट कशी? आणि खरं सांगा, मी वाईट आहे का? त्या मुलाला पैसे पाठवू का?

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी हे: हक्कसोडपत्रावर सही करू नका. घरात शांतता राहावी म्हणून नको, आईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून नको, आणि "नुसती चल, कागद वाचून ये" म्हणत कोणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊ लागलं तरी नको. पत्रात फोटो आहेत, अबोला आहे, मुलीवरून धमकी आहे, पण या सगळ्याचा रोख शेवटी त्या एका कागदाकडे आहे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र "तेव्हा मी खचले होते" एवढ्यावर रद्द होत नाही. दबाव होता हे दिवाणी न्यायालयात दावा लावून सिद्ध करावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित कमाईचं असेल आणि वारस तुम्ही तिघंच असाल, तर हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि भाऊ यांचे सारखे हिस्से आहेत. वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मतःच मुलाइतकी हिस्सेदार आहे. वडील त्याआधी वारले असले तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. घर मुळातच आईच्या मालकीचं असेल तर मात्र ते कोणाला द्यायचं हे ती ठरवेल. म्हणून आधी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा, शेती असेल तर सातबारा आणि फेरफारही. मुलीच्या खासगी वागण्यावरून तिचा वारसा कमी-जास्त करणारं एकही कलम या कायद्यात नाही.

फोटोंबद्दल. तुमच्या फोनमधून परवानगीशिवाय ते काढून घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली येणारा प्रकार आहे. स्त्रीच्या चारित्र्यावर आळ घेण्याची धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये नाव घेऊन सांगितलेला गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि बदनामीची भीती घालून कागदावर सही घेणं कलम 308 च्या खंडणीत बसू शकतं. म्हणून लगेच पोलिस ठाण्यात धावत जा असं आमचं म्हणणं नाही, पण पुरावा आजपासून जमवा. भावाला व्हॉट्सॲपवर दोन-तीन वाक्यं लिहा: "माझे फोटो मला न विचारता घेतले आहेस. ते पुसून टाक, कोणालाही दाखवू नकोस. वकिलांशी बोलल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही." शिव्या नकोत, पटायाचा उल्लेख तर अजिबात नको. तो लेखी धमकी देईल किंवा गप्प बसेल, दोन्ही तुमच्या उपयोगाचं आहे. त्याचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट मैत्रिणीकडे पाठवून ठेवा. फोनचा पिन बदला. व्हॉट्सॲपमधलं "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून बघा, गूगल खात्यावर कुठला अनोळखी फोन जोडलेला आहे का तेही बघा. घरातल्या माणसाने एकदा फोन हाताळला की बहुतेक गळती तिथूनच सुरू राहते.

भाऊ-बहीण एका घरात राहत असतील तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा बहिणीलाही लागू होतो, हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. अपमान, शिवीगाळ, घराबाहेर काढण्याची धमकी या सगळ्याची त्यात दखल आहे आणि न्यायालय घरातून न काढण्याचा आदेश देऊ शकतं. अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे करायचा. वकिलाचा खर्च नको असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करूनही माहिती मिळेल.

मुलीला बापाकडे पाठवण्याचा अधिकार मामाला नाही. ताबा बदलून घ्यायचा तर तुमच्या माजी पतीला न्यायालयात जावं लागेल, तिथे मुलीचं हित पाहतात आणि 15 वर्षांच्या मुलीला न्यायाधीश स्वतः विचारतात. लग्न टिकून असताना आईचे बाहेर संबंध असले तरी तेवढ्यावरून ताबा नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलं आहे. तुम्ही तर घटस्फोटित आहात.

आता तब्येत, कारण तिला तारखा आहेत. संबंधानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात. ती वेळ तुमच्यासाठी गेली. पण दोन महिने झाले असल्याने तपासणीची वेळ मात्र आली आहे. खासगी लॅबमधली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी 45 दिवसांनंतर विश्वासार्ह मानतात. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन-तपासणी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गुप्त होते. तिथे आता एकदा करा आणि तीन महिने पुरे झाले की पुन्हा एकदा. त्याच वेळी गरमीसाठी (सिफिलिस) व्हीडीआरएल ही रक्तचाचणी, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडून स्वॅब घेऊन परमा (गोनोरिया) व क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गांची चाचणी करून घ्या. स्त्रियांमध्ये क्लॅमिडियाची बहुतेकदा काहीच लक्षणं दिसत नाहीत, त्यामुळे "मला काही त्रास नाही" यावर विसंबू नका. पाळी चुकली असेल तर "आता वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका, आधी लघवीची गर्भचाचणी करा. चाळिशी ओलांडलेल्या बायकांची गर्भधारणा उशिरा लक्षात येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तुमच्या लेखी संमतीशिवाय एचआयव्हीचा निकाल घरच्यांना सांगणं 2017 च्या कायद्याने मना आहे. गावात तपासायचा संकोच वाटत असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा. 1097 या क्रमांकावर जवळची केंद्रं विचारता येतात.

एवढं हातावेगळं झालं की तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

भावाचं चालतं ते का? त्याची सहल एकट्याची नसते, हे एक कारण. तिकीट कंपनी काढते, टार्गेट पुरं केल्याचं बक्षीस म्हणून. बायकोला न्यायची सोय नसते. बरोबर तालुक्यातले इतर डीलर असतात, म्हणजे समाजच बरोबर असतो. आणि पोचायचं ठिकाणही पुरुषांसाठीच घडवलेलं आहे. पटाया हे मासेमारीचं गाव होतं. व्हिएतनाम युद्धात जवळच्या उ-तापाओच्या तळावर अमेरिकी सैन्य होतं, सैनिकांच्या रजा-विश्रांतीसाठी 1967 मध्ये अमेरिका आणि थायलंड यांच्यात करार झाला आणि त्या पैशावर बारच्या रांगा उभ्या राहिल्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, बार राहिले आणि गिऱ्हाईक म्हणून युरोपातले, आखातातले, आपल्याकडचे पुरुष आले. थायलंडच्या कायद्यात वेश्याव्यवसाय आजही बेकायदा आहे, 1996 चा कायदा तसं स्पष्ट म्हणतो. तरी सगळं उघड्यावर चालतं आणि परत आलेल्या माणसाला "मजा केली ना" एवढंच विचारतात.

बाईची गोष्ट निघाली की मात्र तिचं पाच दिवसांचं वागणं म्हणजे तिचं सगळं चारित्र्य होतं. अब्रू काचेचं भांडं म्हणतात आणि ते भांडं फक्त बायकांच्या हातात देतात. आपला कायदाही कालपरवापर्यंत असाच होता. भारतीय दंड संहितेचं व्यभिचाराचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं. तोवर तक्रार करायचा हक्क फक्त त्या बाईच्या नवऱ्याला होता, जणू गुन्हा त्याच्या मालमत्तेविरुद्ध झाला आहे. नवरा बाहेर गेला तर बायकोला त्या कलमाखाली काहीच करता येत नव्हतं. लग्न झालेला पुरुष अविवाहित स्त्रीकडे गेला तर तो त्या कलमात बसतही नव्हता. तुमची आई त्या कायद्याच्या काळात वाढली. तिचं "अंघोळ केली की झालं" हे त्यातूनच आलंय.

तेव्हा घरात तुम्हाला मिळालेली वागणूक अन्यायाची आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तुम्ही घटस्फोटित आहात, कोणाशी खोटं बोलला नाहीत, कोणाचा संसार फसवला नाहीत. भाऊ बायकोच्या माघारी जातो. या एका बाबतीत त्याची बाजू तुमच्यापेक्षा कमजोर आहे, बळकट नव्हे.

पण तुम्ही खरं सांगा म्हणालात, म्हणून पुढचंही लिहितो. "उलट तो खूशच होता" हे तुमचं वाक्य पुन्हा वाचा. पटायाहून आलेले पुरुष हेच म्हणतात: त्या हसतात, त्यांना आवडतं, आम्ही जबरदस्ती थोडीच करतो. भावाच्या तोंडून ते तुम्हाला पटलं नसतं. दुटप्पीपणाची ही दुसरी बाजू फारशी कोणी बघत नाही. बाई गेली की समाज तिला झोडपतो, आणि ज्या तरुणाबरोबर ती राहिली त्याला नशीबवान समजतो. त्याचं काही बिघडू शकतं असं कोणाच्या मनात येत नाही. अभ्यासकांमध्येही यावर वाद झाला आहे. डेबोरा प्रुइट आणि सुझान लाफाँ यांनी 1995 मध्ये जमैकातल्या अशा संबंधांवर लिहिताना पाश्चात्त्य स्त्रियांना तिथे प्रेमाचं नातं हवं असतं, म्हणून हा प्रकार पुरुषांच्या खरेदीपेक्षा वेगळा, अशी मांडणी केली. जॅकलीन सांचेझ टेलर यांनी 2001 मध्ये त्यावर बोट ठेवलं. जमैका आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या 240 पर्यटक स्त्रियांची पाहणी त्यांच्यापुढे होती. जवळजवळ एक तृतीयांश स्त्रियांचे स्थानिक पुरुषांशी संबंध आले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी पैसे, जेवण, भेटी दिल्याचं मान्य केलं, पण आपण पैसे मोजून कोणाचा सहवास घेतला असं त्या मानत नव्हत्या. आम्हाला सांचेझ टेलर यांचं म्हणणं पटतं. पासपोर्ट आणि पाकीट एकाच्याच हातात असेल तर ते हात बाईचे आहेत म्हणून तोल बदलत नाही.

कुटाच्या किनाऱ्यावरची ही मुलं बरीचशी जावा, लोंबोक, सुमात्रा अशा बाहेरच्या बेटांवरून कामाला आलेली असतात. कोणी ठरलेला दर सांगत नाही. बदल्यात जेवण, कपडे, फोन, खोलीभाडं, सर्फबोर्ड, मोटरसायकल मिळते. पाहुणी परत गेली की नातं फोनवर चालू ठेवायचं आणि अडचण आली की कळवायची. एकाच वेळी दोन-तीन देशांतल्या स्त्रियांशी असं बोलणं चालू असणं नवलाचं नाही. 2010 मध्ये एका माहितीपटाने याचा बोभाटा झाला तेव्हा पोलिसांनी किनाऱ्यावरून दोन डझनांहून अधिक तरुण पकडून नेले. पाहुण्या बायका आपापल्या हॉटेलात होत्या. पटायात धाड पडली की बारमधल्या मुली गाडीत बसतात आणि गिऱ्हाईक चालत निघून जातं, तसंच. किंमत प्रत्येक वेळी गरीब बाजूने चुकवली आहे, मग ती मुलगी असो की मुलगा.

म्हणून बाई की पुरुष हे सोडून तुम्हाला आणि भावाला एकच प्रश्नावली लावा. समोरची व्यक्ती नक्की 18 च्या वर होती का? इथे शंकेचा फायदा नाही. भारतीय न्याय संहिता भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू आहे आणि 18 खालच्या मुलीची संमती ती मानत नाही. थायलंडच्या 1996 च्या कायद्यातही 18 खालच्या व्यक्तीशी गेलेल्या गिऱ्हाइकाला तुरुंग आहे. बारवाल्याने वीस सांगितलं होतं, हा बचाव कामी येत नाही. दुसरं, समोरच्याला नाही म्हणणं परवडणारं होतं का? पटायाच्या बारमध्ये मुलीला बाहेर नेताना गिऱ्हाईक बारला वेगळा "बार फाइन" देतं, तो मुख्यतः बारमालकाकडे जातो. तिच्या मागे महिन्याला अमुक इतके फाइन, अमुक इतके ड्रिंक असा कोटा असू शकतो, कमी पडला तर पगार कापतात. वर गावाकडे घेतलेली उचल. अशा मुलीचं हसणं हा कामाचा भाग आहे. तुमच्या सर्फिंगवाल्याच्या डोक्यावर बारमालक नव्हता, तो उठून जाऊ शकत होता. तेवढा तो मोकळा होता. पण पाच दिवस त्याचा रोजगारही तुम्हीच होता, हे धरून चला. तिसरं, कोणाला फसवलं, आणि चौथं, रोगाचा धोका कोणाच्या अंगावर टाकला? या चौथ्या प्रश्नावर तुम्ही दोघंही नापास आहात. "दर वेळी नाही" म्हणजे त्याच्याही अंगावर.

या मोजणीत तुम्ही वाईट बाई ठरत नाही. प्रौढ माणसाशी, उघडपणे, जबरदस्ती न करता तुमचा संबंध आला. पैशाचा भाग तुम्ही स्वतःपासून लपवलात आणि निरोध वापरण्यात ढिलाई केलीत, चूक एवढीच. आणि "धंदेवाली" हा शब्द आता उलट भावाच्या किंवा पटायातल्या बायकांच्या अंगावर फेकू नका. स्वतःच्या मर्जीने हे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला सन्मानाने वागवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये पोलिसांना दिला आहे. ज्यांना पैसे देऊन भाऊ येतो त्यांच्याच कामाची तो तुम्हाला शिवी देतो. त्याचा खोटेपणा तिथे आहे.

पैशांचं. आई खरंच आजारी असू शकते, हप्तेही थकले असू शकतात. हे लबाडीचं असेलच असं आम्ही म्हणत नाही. तरी सरळ पैसे पाठवू नका. पहिल्यांदा छोटी अडचण, मग मोठी, मग "तुला भेटायला येतो, व्हिसाचे पैसे", मग विमानतळावर अडकलेलं पार्सल, असा चढता क्रम असतो आणि प्रत्येक पायरीला आधीच्या पैशांची आठवण करून दिली जाते. न कळवता व्हिडिओ कॉल करा. रुग्णालयाचं नाव, रुग्णाचं नाव, बिलाची प्रत मागा आणि तुमच्या हातांनी रुग्णालयाच्या खात्यात भरता येईल का ते विचारा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं. द्यायचंच ठरलं तर परत मिळणार नाही आणि पुन्हा देणार नाही असा एकच आकडा ठरवा, महिन्याच्या पगाराच्या दहाव्या हिश्शाहून मोठा नको, आणि तसं त्याला स्पष्ट लिहा. पाठवायचा मार्ग बँकेचाच: पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म देऊन, कारण "भेट" असं लिहून. कोणा ओळखीच्या एजंटाकडे रोख देऊन तिकडे पोचवणं हा हवाला होतो. क्रिप्टो, गिफ्ट कार्ड, तुमच्या खात्यातून त्याच्यासाठी पैसे फिरवणं यातलं काही नको. तो तुमचे फोटो वापरून धमकावू लागला तर एक रुपयाही देऊ नका, कारण पैसे दिले की मागणी वाढते. 1930 या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करा.

पुन्हा जायचा विचार असेल तर एक बदल ध्यानात ठेवा. इंडोनेशियाच्या नव्या दंडसंहितेत, 2 जानेवारी 2026 पासून, लग्नाबाहेरचा संबंध गुन्हा आहे आणि एक वर्षापर्यंत कैद आहे. तक्रार फक्त नवरा-बायको, आईवडील किंवा मुलं करू शकतात. हॉटेलवाला किंवा शेजारी नाही. पण त्या तरुणाला त्याच्या गावी बायको आहे का, हे तुम्हाला माहीत आहे का? निरोध इथूनच न्या. तारीख बघून, पर्समध्ये चुरगाळलेले किंवा उन्हात तापलेले नकोत. खोबरेल तेल किंवा लोशनने लॅटेक्स फाटतं, पाण्याचा आधार असलेलं वंगण वापरा, एकावर एक दोन घालू नका. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर आताच सुरू करा: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी.

तुमच्या पत्रात एक व्यक्ती दोनदाच येते, ती म्हणजे वहिनी. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. भाऊ दरवर्षी पटायाहून येतो आणि तिच्याजवळ झोपतो. गरमीची पहिली जखम दुखत नाही, औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येते, म्हणून पुरुषाला वाटतं गेलं. ते गेलेलं नसतं. किंवा केमिस्टकडून चार गोळ्या घेऊन लक्षणं दबतात. इकडे बायकोच्या अंगावरून पांढरं जात राहतं, ओटीपोट दुखतं, आणि डॉक्टर दर वेळी तिलाच औषध देतात. नवऱ्याला कोणी बोलावत नाही, म्हणून ते परत परत होतं. मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या, लैंगिक आजारांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदारालाही उपचार द्यायची पद्धत आहे, ती यासाठीच. वहिनीशी एकटीने बोला. भावाचा पाढा वाचू नका, तिला तो पाठ आहे. एवढंच म्हणा: "मी माझ्या तपासण्या करायला जिल्ह्याला चाललेय, तूही चल, दोघींच्या करून घेऊ." व्हीडीआरएल, एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी) एका फेरीत होतात. नवऱ्याने तपासणी केल्याशिवाय निरोधाखेरीज जवळ येऊ द्यायचं नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवं आणि घरात सध्या ते तुम्हीच सांगू शकता. विवाहानंतर दुसऱ्या व्यक्तीशी स्वेच्छेने संबंध हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण आहे, एकदा झालं तरी. तिला घटस्फोट हवाच असेल असं नाही, पण तो दरवाजा आहे हे माहीत असावं.

भावाला चार लोकांत उघडं पाडायचा मोह होईल. नका करू. त्याने तुमच्याशी केलं तेच होईल आणि त्यात होरपळेल वहिनी. त्याला एकट्याला सांगा, तपासून घे. गेल्या तीन दिवसांतला धोका असेल तर सरकारी रुग्णालयात आजच जा.

आईशी वाद घालून तिचं मत या वयात बदलेल असं वाटत नाही. "मी काय केलं याचा हिशेब मी देईन, पण घरात हिशेब एकट्या माझाच मागू नकोस" एवढं एकदा बोला आणि रोजचं चहा-पाणी, औषधं चालू ठेवा. अबोला तिच्याकडून राहू द्या, तुमच्याकडून नको.

मुलीशी मात्र उशीर करू नका, आज रात्रीच बोला. मामा आधी सांगेल तर त्याच्या शब्दांत सांगेल. 15 वर्षांच्या मुलीला तपशील नकोत. "सहलीत मला एक माणूस आवडला, आम्ही जवळ आलो. मी एकटी आहे, कोणाला फसवलं नाही. मामाने माझे फोटो चोरून घेतलेत आणि त्यावरून घर लिहून मागतोय. मी सही करणार नाही. तुला कोणी काही दाखवलं तर मला सांग, तुझ्यावर रागावणार नाही." ती चिडेल, रडेल, कदाचित तुम्हाला वाईट बोलेल. ऐकून घ्या. चार-सहा दिवस जेवण किंवा शाळा टाकली तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीत समुपदेशक मिळतात. तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल तर तुम्हीही तिथे फोन करा.